चाल ओळखीची, नाव आठवेना

१९३१ साली जर्मनीत फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा 'एम' हा चित्रपट प्रदर्शित झाला. बोलपटांचे युग नुकतेच सुरू झाले होते आणि लांग यांचा हा पहिलाच बोलपट होता. बर्लिनमध्ये लहान मुलांचे खून होत आहेत, पोलीस हैराण आहेत आणि खुन्याचा चेहरा कोणालाही माहीत नाही. मात्र त्याला एक सवय आहे. मनात ती विकृत ऊर्मी उसळली की तो शिटीवर एक ठरावीक चाल वाजवतो. एका आंधळ्या फुगेवाल्याकडून त्याने एका मुलीसाठी फुगा घेतला, तेव्हा ती शिटी फुगेवाल्याच्या कानावर पडली होती. पुढे त्या मुलीचा खून झाला. काही काळाने तीच शिटी रस्त्यात पुन्हा ऐकू येते. फुगेवाला दचकतो आणि जवळच्या एका तरुणाला त्या माणसाच्या मागावर पाठवतो. तरुण तळहातावर खडूने 'एम' हे अक्षर काढतो (खुनी या अर्थाचा जर्मन शब्द या अक्षराने सुरू होतो) आणि त्याचा ठसा खुन्याच्या कोटावर उमटवतो. जे डोळस शहराला जमले नाही ते एका आंधळ्या माणसाच्या कानाने केले.

ही चाल नॉर्वेचे संगीतकार एडवर्ड ग्रीग यांची. इब्सेन यांच्या 'पेर गिंट' या नाटकासाठी त्यांनी जे संगीत रचले, ते १८७६ साली रंगभूमीवर आले. त्यातील पर्वतराजाच्या दरबाराचा प्रसंग या चालीने रंगतो. खुन्याची भूमिका करणारे पीटर लॉर यांना शिटी वाजवता येत नसे, म्हणून ती लांग यांनी स्वतः वाजवली असे सांगतात. म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली चाल एका माणसाच्या ओठांवर आली. तिचे ठेक्याचे गणित सैल झाले, साथीची वाद्ये गेली. तरीही ती ओळखू येते. आजही चित्रपट पाहणारे अनेक जण "अरे, ही चाल कुठेतरी ऐकली आहे" असे म्हणतात आणि तिथेच अडतात.

आम्ही एका शिक्षक शिबिरात हाच अनुभव मुद्दाम घेतला. हार्मोनियमवर फक्त पाच स्वर वाजवले : सा, प, वरचा सा, त्याच्यावरचा शुद्ध ग आणि लगेच कोमल ग. "अंतराळ!" असे कोणीतरी मागून ओरडले. दुसऱ्या एकाला टीव्हीवरची जाहिरात आठवली. चाल ओळखणारे पुष्कळ होते, नाव सांगणारा एकही नव्हता. ओळखणे आणि नाव सांगणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीपासून दुसरीपर्यंत पोचण्यासाठी माणसाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे उपाय केले, त्यांचा हा थोडक्यात इतिहास.

जुने संगीत चित्रपटात आले कसे?

मूकपट खरे तर कधीच मुके नव्हते. चित्रगृहात पडद्याच्या पुढे पियानोवादक, ऑर्गनवादक किंवा छोटा वाद्यवृंद बसलेला असे. आपल्याकडे त्या जागी पेटी आणि तबला असे. दर आठवड्याला नवा चित्रपट येई आणि त्यासाठी नवे संगीत रचणे शक्य नसे. म्हणून तयार तुकड्यांचे संग्रह निघाले. जर्मनीत जुझेप्पे बेचे यांनी १९१९ पासून असा संग्रह काढला. अमेरिकेत एर्नो रापे यांचे जाडजूड पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यात ५२ प्रकारचे भाव आणि प्रसंग होते आणि प्रत्येक पानाच्या कडेला त्यांची सूची छापलेली होती. पडद्यावर पाठलाग सुरू झाला की वादकाने कडेच्या सूचीत पाहायचे आणि ते पान उघडायचे.

या संग्रहांत ग्रीग, शूमान, मेंडेलसोन यांच्यासारख्या नामवंतांच्या रचनाही भरपूर असत. जुन्या रचनांना मानधन द्यावे लागत नसे आणि त्यांचा परिणाम आधीच सिद्ध झालेला असे. ही सवय बोलपटातही टिकली. १९३१ चा 'ड्रॅक्युला' आणि १९३२ चा 'द ममी' या दोन्ही भयपटांच्या आरंभी चायकोव्हस्की यांच्या 'स्वान लेक' या नृत्यनाट्यातला तुकडा वाजतो. मुळात ते हंस झालेल्या राजकन्येचे करुण संगीत. पण चित्रपट पाहून घरी गेलेल्या प्रेक्षकांच्या मनात ते भुताखेतांचे संगीत झाले. चाल लक्षात राहिली, नाव गळून पडले. आपल्या कानावरच्या कितीतरी 'ओळखीच्या' चालींचे मूळ अशा ठिकाणी आहे.

स्वर बदलले, चाल तीच

आता प्रश्न असा, की चाल ओळखतो म्हणजे आपण नेमके काय ओळखतो? वरच्या पाच स्वरांपैकी पहिले तीन घेऊ. पांढरी एकला सा धरला तर सा, प, वरचा सा यांची वारंवारता अनुक्रमे सुमारे २६२, ३९२ आणि ५२३ हर्ट्झ येते. काळी एकला सा धरला तर ती २७७, ४१५ आणि ५५४ होते. दोन्ही याद्यांत एकही आकडा सारखा नाही. तरीही ऐकणारा म्हणतो, "तेच तर वाजवलेत!"

ऑस्ट्रियन विचारवंत क्रिस्टियान फॉन एरेनफेल्स यांनी १८९० साली नेमक्या या मुद्द्यावर बोट ठेवले. चाल म्हणजे सुट्या स्वरांची बेरीज असती, तर सगळे स्वर बदलल्यावर चालही बदलायला हवी होती. ती बदलत नाही. म्हणजे चाल ही स्वरांमध्ये नसून स्वरांच्या परस्परसंबंधात आहे. या विचारातून पुढे मानसशास्त्राची एक मोठी शाखा उभी राहिली.

आपल्याकडच्या गाणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. आपला 'सा' मुळातच फिरता आहे. गाणारी काळी पाचमध्ये गाते की गाणारा काळी एकमध्ये, यमन तो यमनच. पंडित भातखंडे आणि पंडित पलुस्कर यांच्या स्वरलिपी याच पायावर उभ्या आहेत. त्यांत स्वराची वारंवारता लिहिलेली नसते, सा पासूनचे त्याचे स्थान लिहिलेले असते.

दोन कोश

ओळखीच्या चालीचे नाव शोधण्यासाठी कोश करायचा, तर तो लावायचा कसा? शब्दकोशात शब्द अकारविल्हे लावता येतात. चालीचे काय करायचे? १९४८ साली अमेरिकेत हॅरल्ड बार्लो आणि सॅम मॉर्गनस्टर्न यांनी याला उत्तर दिले. त्यांनी वाद्यसंगीतातल्या सुमारे १०,००० चालींचे आरंभ गोळा केले आणि सूचीसाठी ते सगळे एकाच पट्टीत आणले. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक चालीचा सा एकच केला. मग स्वरांची अक्षरे वर्णक्रमाने मांडली की कोश तयार. 'एम' मधली शिटी या कोशात शोधायची तर "सा रे ग म प ग प" (ग कोमल) या क्रमाने शोधावी लागेल.

अडचण एवढीच की त्यासाठी कानाने ऐकलेले स्वर अचूक ओळखता यायला हवेत. ज्याला ते येते त्याला बहुधा नावही माहीत असते. ज्याला गरज आहे त्याच्या हाती कोश निरुपयोगी, अशी ही गंमत होती.

१९७५ साली इंग्लंडमध्ये डेनिस पार्सन्स यांनी दुसरा कोश काढला आणि तो स्वर न कळणाऱ्यांसाठी होता. त्यांनी स्वरांची नावेच टाकून दिली. पहिल्या स्वराला तारा काढायचा आणि पुढचा प्रत्येक स्वर आधीच्या स्वरापेक्षा वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढेच लिहायचे. मराठीत आपण त्यासाठी व, ख आणि त ही अक्षरे वापरू. मग ग्रीग यांची चाल अशी होते :

\* व व व व ख व ख ख व ख ख व

शिबिरात वाजवलेली चाल : \* व व व ख

मोझार्ट यांच्या १७८८ सालच्या चाळीसाव्या सिंफनीचा आरंभ : \* ख त व ख त व ख त व

ही तिसरी चाल आपल्याकडच्या अनेकांना सिंफनी न ऐकताही माहीत असते. 'छाया' (१९६१) या हिंदी चित्रपटातले तलत महमूद आणि लता मंगेशकर यांचे प्रसिद्ध युगुलगीत सलील चौधरी यांनी या आरंभावर बेतले. भाषा, वाद्ये, ठेका सारे निराळे, तरी जाणकार कानाने मोझार्टला ओळखले.

इतकी माहिती टाकून दिल्यावर चाली एकमेकींत मिसळणार नाहीत का? थोडे गणित करू. प्रत्येक पावलाला तीन पर्याय आहेत. पाच पावलांत ३ चा पाचवा घात, म्हणजे २४३ प्रकार होतात. ते फार कमी आहेत. पण पार्सन्स यांनी पहिल्या स्वरानंतर पंधरापर्यंत पावले घेतली आणि ३ चा पंधरावा घात १,४३,४८,९०७ होतो. काही हजार चाली वेगळ्या करायला ही जागा ऐसपैस आहे. खऱ्या चाली या सगळ्या प्रकारांत समान पसरलेल्या नसतात हे खरे, तरी पद्धत चालते.

पार्सन्स यांचा हा कयास नुसता सोयीचा नव्हता. डायना डॉइश यांनी १९७२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. अमेरिकेतील प्रत्येकाला माहीत असलेली एक चाल त्यांनी स्वर तेच ठेवून, पण प्रत्येक स्वर मंद्र, मध्य आणि तार यांपैकी कोणत्याही सप्तकात टाकून वाजवली. स्वरांची नावे बरोबर होती, चढउतार मोडले होते. ऐकणाऱ्यांना चाल ओळखता आली नाही. चाल ओळखताना चढउताराची रेषा किती मोलाची असते हे यातून दिसले.

१९९५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी हीच तीन अक्षरांची कल्पना संगणकाला शिकवली. माणसाने गुणगुणायचे, संगणकाने त्याची वर-खाली-तेच अशी माळ करायची आणि साठ्यातल्या चालींशी ती ताडून पाहायची. त्यांच्या साठ्यात अवघी १८३ गाणी होती, पण वाट सापडली होती.

ताऱ्यांचा नकाशा

यानंतर जी पद्धत घरोघर पोचली, ती मात्र अगदी उलट दिशेने गेली. २००२ साली इंग्लंडमध्ये 'शझाम' ही सेवा सुरू झाली. फोनवरून २५८० हा क्रमांक लावायचा, फोन वाजणाऱ्या संगीताजवळ धरायचा आणि थोड्या वेळाने गाण्याचे नाव संदेशाने येई. यामागची रीत एव्हरी वांग यांनी २००३ साली प्रसिद्ध केली.

समजा, आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वारंवारता घेऊन आपण आवाजाचे चित्र काढले. त्यात ज्या जागी आवाजाचा जोर आजूबाजूपेक्षा अधिक, तेवढेच ठिपके ठेवायचे आणि बाकी सर्व पुसून टाकायचे. उरतो तो ताऱ्यांनी भरलेल्या आकाशासारखा नकाशा. मग ठिपक्यांच्या जोड्या करायच्या. पहिल्याची वारंवारता, दुसऱ्याची वारंवारता आणि दोहोंतले वेळेचे अंतर या तीन आकड्यांची एक खूण होते. अशा असंख्य खुणा साठ्यात शोधल्या जातात. पुष्कळ खुणा एकाच ध्वनिमुद्रणात आणि योग्य अंतराने सापडल्या की ओळख पटली. गोंगाटाने काही तारे झाकले जातात, पण ढगाळ रात्रीही चार तारे दिसले तर सप्तर्षी ओळखता येतात, तसेच हे आहे.

पण ही पद्धत चाल ओळखत नाही, एक विशिष्ट ध्वनिमुद्रण ओळखते. त्याच वादकांनी तीच रचना दुसऱ्या दिवशी वाजवली तर नकाशा बदलतो. बर्लिनच्या फुगेवाल्याने जे क्षणात केले, ते तिला जमणारे नव्हते, कारण शिटीतला नकाशा कोणत्याच तबकडीशी जुळत नाही.

जुन्या चित्रपटांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. आपल्याकडच्या जुन्या पाल दूरचित्रवाणी पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असत. म्हणून चित्रपट तसाच किंचित भरभर चालवत. तीन तासांचा चित्रपट सुमारे सात मिनिटे लवकर संपे आणि प्रत्येक स्वर सुमारे ४ टक्क्यांनी चढे. २६२ हर्ट्झचा पांढरी एकचा सा २७३ च्या आसपास जाई, म्हणजे पांढरी एक आणि काळी एक यांच्या मध्येच. घरोघरच्या प्रेक्षकांना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण कान संबंध ऐकतो आणि संबंध बदललेले नव्हते. ठिपक्यांच्या नकाशाला मात्र एवढा फरकही गोंधळवू शकतो. गुणगुणलेली चाल ओळखण्याची सोय गूगलने २०२० साली सर्वांच्या फोनवर आणली, तेव्हा यंत्र पुन्हा चढउतारांच्या रेषेकडे वळले.

तीच चाल, वादक वेगळे

मग ध्वनिमुद्रण ओळखण्याला काय अर्थ? अर्थ आहे, आणि तो आमच्या शिबिरातल्या पाच स्वरांतच दडलेला आहे. हे स्वर रिखार्ड श्ट्राउस यांच्या १८९६ सालच्या 'झरतुष्ट्र असे म्हणाला' या रचनेच्या आरंभाचे. जगाला ते ठाऊक झाले स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटामुळे. क्युब्रिक यांनी ॲलेक्स नॉर्थ यांच्याकडून नवे संगीत लिहून घेतले होते, पण शेवटी ते बाजूला ठेवून ध्वनिमुद्रित अभिजात संगीतच वापरले. आपले संगीत गेले हे नॉर्थ यांना चित्रपट पाहतानाच कळले.

चित्रपटात ही रचना वाजवतो व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद. संचालक हर्बर्ट फॉन कारायान, ध्वनिमुद्रण १९५९ चे, डेक्का कंपनीचे. कंपनीने परवानगी दिली, पण वाद्यवृंदाचे आणि संचालकाचे नाव येऊ नये अशी अट घातली. श्रेयनामावलीत ते आले नाही. चित्रपटाच्या संगीताची जी तबकडी बाजारात आली, तिच्यावर तर कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिकने वाजवलेले निराळेच ध्वनिमुद्रण होते. तबकडी विकत घेणाऱ्याने चित्रपटात आपण ब्योम यांना ऐकले असे मानले तर त्याचा दोष नाही. पार्सन्स यांच्या कोशाने दोन्हींना एकच उत्तर दिले असते, व व व ख, कारण त्याने वादक आधीच टाकून दिला आहे. दोन वाद्यवृंदांतला फरक ठिपक्यांचा नकाशाच सांगू शकतो.

प्रत्येक पद्धत काहीतरी ठेवते आणि काहीतरी टाकते. त्यातली अधिक प्रगत कोणती, असे विचारून फारसे हाती लागत नाही. आपल्याला कोणाचे नाव हवे आहे, रचणाऱ्याचे की वाजवणाऱ्याचे, हे आधी विचारावे.

आपल्या चित्रपटांचे काय?

आमच्या मनाला लागणारी गोष्ट ही, की आपल्या जुन्या हिंदी चित्रपटांच्या पार्श्वसंगीतापुढे या सगळ्या पद्धती थबकतात. गाण्यांच्या तबकड्या निघाल्या, पार्श्वसंगीताच्या क्वचितच. जे साठ्यात नाही ते यंत्र ओळखू शकत नाही. मुंबईच्या स्टुडिओंत हे संगीत स्वरलेखनात उतरवून वाद्यवृंदाकडून वाजवून घेणाऱ्यांत गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा होता. शंकर-जयकिशन यांचे संगीत-संयोजक सेबॅस्टियन डिसूझा आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे, मजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली दोन मोठी नावे. बाकी कितीतरी जणांची नावे श्रेयनामावलीत 'सहायक' म्हणून आली किंवा आलीच नाहीत. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या वयोवृद्ध वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातली बरीच माहिती कोणत्याही कागदावर नव्हती, ती माणसांच्या आठवणीत होती.

वर्गात करून पाहण्यासाठी

पेटी असेल तर एखाद्या आरतीची चाल प्रथम दोन निराळ्या पट्ट्यांत वाजवून दाखवावी. मग स्वर तेच ठेवून सप्तके उलटसुलट करावीत आणि किती मुले ओळखतात ते मोजावे. नंतर मुलांना पाच-सहा परिचित चाली व-ख-त च्या लिपीत लिहायला सांगावे आणि वह्या अदलाबदल करून ओळखायला लावावे. दोन चालींची माळ सारखी आली, तर ती किती पावलांनंतर वेगळी होते ते पाहावे. पेटी नसल्यास शिटीही चालते.

एखादा जुना चित्रपट पाहिल्यावर मात्र वहीत तीन रकाने आखावेत : चाल कोणी रचली, ती वाद्यवृंदासाठी कोणी लिहिली आणि वाजवली कोणी. पहिला रकाना आता फोन बऱ्याचदा भरून देईल. तिसराही कधीमधी भरेल. मधला रकाना रिकामा राहिला, तर तो भरू शकणारे कोणी आपल्या गावात, नात्यात, बँडपथकात किंवा चर्चच्या गायनवृंदात आहे का, याची चौकशी करावी. असे कोणी भेटले तर त्यांना चाल गुणगुणून दाखवावी आणि ते जे सांगतील ते तारखेसह लिहून ठेवावे.